लाल बियाणं

लागोपाठ दोन हंगाम तापुतानी म्हातारीचा मका कणसं भरायच्या आधीच वाळला. बारीक किडे रस पितात आणि रोग एका ताटावरून दुसऱ्या ताटावर नेतात, असं शेतीखात्याचा माणूस बोमेटच्या बाजारात सांगून गेला. यंदा मुलांनी नाकुरूहून कीटकनाशक चोळलेलं लाल बियाणं बसने पाठवलं. स्वतः कुणी आलं नाही. म्हातारीने एकटीनेच पेरलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच रिकामा डबा घेऊन बांधावर बसली.

तुरेवाल्या क्रौंचांची जोडी दाणे उकरायला उतरली. ती डबा बडवत, ओरडत मागे धावली. पाखरं उडाली, घिरटी घालून परत आली. ती परत धावली. दुपारपर्यंत तिचा घसा बसला.

शेजारचा किप्सिगेई डेअरीत दूध घालून येताना कुंपणापाशी थांबला.

"आजी, या वयात कसला नाच चाललाय?"

"नुसता दात काढत उभा राहू नकोस. ये हाकलायला."

"हाकलायचं कशाला? औषध लावलंय ना बियाण्याला! चार दाणे खाल्ले की दोन्ही पाखरं जागेवर आडवी होतील. आयुष्यभर शिव्या घातल्यास त्यांना, आता कायमची कटकट जाईल. घरी जाऊन झोप निवांत."

"ठाऊक आहे मला," म्हातारी डबा उचलत म्हणाली, "म्हणून तर हाकलतेय. पेरणी झाली की न बोलावता माझ्याकडे येणारं दुसरं आहे कोण?"