आधी सुनेचा नंबर

"मला न्हाई जायाचं. माझ्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाई," असं म्हणून सुंदराबाईंनी विहाराच्या पायरीवर फतकल मारलं.

नीलमने कपाळाला हात लावला. सासूला इथवर आणताना तिच्या नाकी नऊ आले होते. साकीनाक्याच्या त्यांच्या वस्तीत, बुद्धविहारासमोर स्तनांच्या तपासणीची गाडी आली होती, आणि सासूचं निमित्त नसतं तर नीलमला इकडे फिरकताही आलं नसतं.

महिन्यापूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला उजवीकडे गाठ लागली होती. नवऱ्याला, मिथुनला, तिने अजून सांगितलं नव्हतं. मुलीचं, दर्शनाचं, लग्न जुळत आलं होतं. आईला तसलं काही आहे म्हटलं की स्थळ पाठ फिरवतं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून सासूला पुढे करायचं आणि आपणही हळूच तपासून घ्यायचं, असा तिचा बेत होता. भीतीने तिची झोप उडाली होती.

आणि म्हातारी पायरीवरून हलेना!

"आत्याबाई, अहो सगळ्या बायका करतायत ना."

"करू देत. आधी तू जा. मग मी बघीन."

आयतंच फावलं. नीलम उठली.

"काखंत पावडर न्हाई ना थापलीस?"

"नाही. सकाळी तुम्हीच ओरडलात ना!"

म्हातारीची एकेक खुळं. आता ती ब्लाउजच्या डाव्या बाजूला खोचलेलं गाठोडं चाचपत बसली होती. मिथुन त्याला आईचं लॉकर म्हणायचा. ते उघडलेलं मात्र घरात कुणी पाहिलं नव्हतं.

गाडीत नर्सनेही पावडरचंच विचारलं; ती फोटोत गाठीच्या ठिपक्यांसारखी दिसते म्हणे. मशीनवर फोटो झाले, मग सोनोग्राफी. डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"पाण्याची गाठ आहे गं. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी परत दाखव, बस."

नीलम तिथेच हसली आणि तिथेच रडली. धावतच ती बाहेर आली.

"आत्याबाई, मला काही नाही! चला, आता तुमचा नंबर."

सुंदराबाईंनी डोळे मिटून लांब श्वास सोडला.

"उजवीकडंच होती ना?"

नीलमने चमकून सासूकडे पाहिलं.

"महिना झाला, त्या कुशीवर झोपत न्हाईस. मला दिसतंय की."

"मग तुम्ही चला ना आत."

"माझं कवाच झालंय. तुझ्या नणंदेचं लग्न जुळत हुतं तवा. एकलीच गेलते, कुणाला बोलले न्हाई." त्यांनी ब्लाउजमध्ये हात घालून गाठोडं बाहेर ओढलं. "डोळे पूस आधी."

त्यात ना चाव्या होत्या, ना सुपारी. नुसतंच जुन्या लुगड्याचं मऊ कापड, गोल गुंडाळलेलं. नीलमने डोळे पुसले आणि मान वर केली.

सुंदराबाईंच्या ब्लाउजची डावी बाजू छातीला सपाट चिकटली होती.