सहा मिनिटं

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत माल का तुंबतो हे शोधायला नवी इंजिनियर म्हणून पारमिता रुजू झाली. तिचे वडील, आण्णाप्पा, तिथंच सव्वीस वर्षं कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासत होते. घासणाऱ्या पाच जणांत तेच जुने, म्हणून स्टॉपवॉच घेऊन ती सकाळभर त्यांच्यापाशीच उभी राहिली. एका नगाला सहा मिनिटं.

तो आकडा घालून तिनं संगणकावर सगळ्या कारखान्याचं सिम्युलेशन चालवलं. माल तुंबतो तो दुसरीकडंच, घासायला तर तिघंच पुरतात, असं उत्तर आलं. मालकांनी तिची पाठ थोपटली आणि दोघांना घरी पाठवलं.

महिन्याभरात ग्राइंडरपुढं मालाचा ढीग लागला. उरलेल्या तिघांपैकी कुणाचाच नग दहा मिनिटांच्या आत होईना. कामचुकारपणाची पहिली नोटीस आली ती आण्णाप्पांनाच. पारमिता धावत मॅनेजरकडं गेली.

"आकडा चुकलाय सर."

"मोजला कुणी? तूच ना?" मॅनेजर म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

घरी आण्णाप्पा सुजलेलं मनगट गरम पाण्यात धरून बसले होते. तिला राहवलं नाही. "आप्पा, त्या दिवशी तर तुम्ही प्रत्येक नग सहा मिनिटांत काढत होता की!"

आण्णाप्पा ओशाळं हसले.

"व्हय गं. लेक पहिल्यांदा माझं काम बघाय आलती."