दुपारची झोप

आमच्या चाळीमागे पोलिसांचं नेमबाजीचं मैदान आहे आणि निशाणांच्या मागून, झुडपांतून दुकानाकडे जाणारी पायवाट. सराव चालू असला की लाल झेंडा चढतो, पण झेंड्याकडे बघतो कोण? आवाज थांबला की निघायचं, ही आमची वीस वर्षांची रीत.

बाळ झालं आणि बायको वैतागली. जरा त्याचा डोळा लागला की धाड! "अहो, काहीतरी करा, नाहीतर एक दिवस मीच जाऊन त्यांची बंदूक मोडते."

मी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, कचेरीत सहा महिने खेटे घातले. शेवटी सोमवारी कामावर असताना पत्र हातात पडलं : आजपासून सगळ्या बंदुकांना सायलेन्सर बसवले आहेत. पत्र घडी करून खिशात ठेवलं. म्हटलं, फोनवर कशाला, संध्याकाळी तिच्या हातातच देऊ. किती खूश होईल!

त्या दुपारी बाळ कधी नव्हे ते गाढ झोपलं. बायकोने खिडकीशी उभं राहून नीट कानोसा घेतला. शेजारच्या काकूंना म्हणाली, "आज सुट्टी दिसतेय मेल्यांना. जरा याच्याजवळ बसता? पटकन दूध घेऊन येते."

आणि पायवाटेने निघाली.



काकू सांगतात, तिला गोळी लागली तेव्हा बाळ जरासुद्धा दचकलं नाही.