अर्थिंगचा खड्डा

बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागं शेवंता अर्थिंगच्या खड्ड्यात बादली रिती करत होती. शेजारची जनाकाकू न राहवून म्हणाली, "अगं येडे, मीटरसुद्धा काढून नेलं की. आता कशाला?"

थ्री-फेज कनेक्शन घेताना वायरमननं दोन खड्डे सांगितले होते. खर्च वाचवायला नवऱ्यानं एकच खणला आणि तिला बजावलं, "रोज पाणी घालत जा. माती ओली असली तरच मोटारीत उतरलेला करंट जमिनीत जातो."

सात वर्षं तिनं नेमानं घातलं. यंदा उन्हाळ्यात टँकर फिरकेना, तेव्हा चार दिवस ती बादली पोरांना प्यायला राखली. पाचव्या दिवशी नवऱ्यानं मोटारीला हात लावला आणि जागीच गेला.

शेवंतानं रिकामी बादली उचलली.

"त्या चार दिवसांचं राहिलंय, काकू."