डावा हात

मिरजेच्या त्या वाचनालयात पुस्तकांच्या रांगेत हातमोज्यांचंही एक कपाट होतं. मोजा चढवला की ज्याच्या हातावरून तो घडवला त्याचं कसब तुमच्या बोटांत उतरायचं. काढला की निघून जायचं.

नसीम दस्तगीरचाचांचा मोजा परत करायला आली. चाचा वारले, पण तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सुराला झंकार आणणारा त्यांचा हात इथं होता.

ग्रंथपाल पार्वतीबाईंनी मोजा किती वेळा घातला ते मोजणाऱ्या यंत्रावर तो ठेवला आणि त्या उखडल्याच. "महिनाभर अडवून ठेवलास आणि घातलास एकदाच? लोक वाट बघतायत गं!"

"बाई, तो उजव्या हाताचा आणि मी डावखुरी. एकदा घालून कानस कशी फिरते ते बघितलं. मग डाव्या हातानं घासत बसले."

बाईंनी भिंतीशी टेकलेला, बसक्या आवाजाचा तंबोरा पुढं सरकवला. "कर बघू नीट."

नसीमनं तारा सैल केल्या, घोडी घासली, तारा ताणून ऐकलं, पुन्हा घासली. शेवटी तार अशी झंकारली की वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या.

बाईंची छाती फुगली. निम्मी हयात त्यांनी देवघेवीत घालवली होती. वाचकाचा लेखक झालेला आज पहिल्यांदा बघितला. त्यांनी डाव्या हाताचा, अजून कुणाचंच कसब न उतरलेला कोरा मोजा काढला.

"घाल. चाचांशेजारी जागा आहे."

"माझा हात? कपाटात?"

"हात बसलाय तुझा," बाई म्हणाल्या. "आता तिथं जाऊन बसू दे."