आतलं माप

आप्पांनी आपल्या टाकीतलं सगळ्यांत थोराड कालव उचललं, शिंपल्याला मोजपट्टी लावली आणि धाकट्या लेकीला दाखवली. बारा सेंटिमीटर. सुरीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

उघडलं की कालव मरतं, म्हणून अकरा वर्षांत त्यांनी बियाण्याचं, म्हणजे पैदाशीसाठी राखलेलं, एकही कालव उघडलं नव्हतं. दर सोमवारी शिंपले मोजायचे आणि पोरं वाढताहेत म्हणून खूश व्हायचं. पण गेले दोन मोसम टाकीत औषधालाही अंडं पडलं नव्हतं. यंदाही तसंच झालं, तर टाक्या रिकाम्या करून दाराला कुलूप लावायचं, असं आप्पांनीच ठरवलं होतं.

धाकटीने त्यांच्याकडून सहा आठवडे मागून घेतले होते आणि कोपऱ्यातली एक टाकी. आप्पा सगळ्या कालवांना एकच हिरवं शेवाळ घालायचे. ते आपसूक माजतं, पोट भरतं, आणखी काय हवं? धाकटी त्यात तपकिरी शेवाळ मिसळू लागली. आप्पांच्या लेखी तो चिखल. "कालवं आहेत की जावई?" असं ते येताजाता विचारायचे.

आज सहा आठवडे संपले होते. धाकटीने सुरी आप्पांच्या त्या थोराड कालवाच्या सांध्यात घातली. आप्पांनी तोंड फिरवलं. एवढ्या मोठ्या शिंपल्यात मांस दोन बोटांचं, पाणचट, आरपार दिसेल असं. बडा घर पोकळ वासा, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बापाची फिरवलेली मान बघून तिने ते गिळलं.

मग तिने आपल्या टाकीतलं एक कालव घेतलं. तळहाताच्या अर्ध्याएवढं. हेही रिकामं निघालं तर तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. शिंपला उघडला. आत मांस टम्म फुगलेलं, सायीसारखं पांढरं. तिने थेंबभर काचेवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली एकदा पाहिलं आणि स्टूल सोडून बाजूला झाली.

आप्पांनी डोळा लावला. काचभर अंडीच अंडी.

"लेकरं उपाशी होती," ते म्हणाले. "आणि मी त्यांची उंची मोजत बसलो."

"उपाशी नव्हती, आप्पा. खात होती, पण अंगी लागत नव्हतं. मोसम संपायला अजून दोन महिने आहेत."

तिला रडू येत होतं आणि हसूही. आप्पांनी मोजपट्टी खिडकीत ठेवली. तपकिरी शेवाळाचा मग भरून घेतला आणि आपल्या टाकीपाशी गेले. हातातला मग कलता केला आणि तसाच धरून ठेवला.

"किती घालायचं?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षांत हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.