पारावरचा मांडव

"पार सोडून कुठंबी मांड. शाळा हाय, समाजमंदिर हाय," सरपंच बद्रीनाथअण्णा म्हणाले. "पारावर बाई चढत न्हाई, ठाव हाय ना? मग कावून हट्ट करायलीस, सायले?" ठाव होतं, म्हणूनच मला माझ्या मांडणशिल्पासाठी पार पाहिजे होता. आमच्या गावात पारासमोरून जाताना बायका अजून पदर पुढं ओढतात, आणि वर बसलेले बाप्ये तंबाखू मळत त्यांना न्याहाळतात. त्यासाठी गावभरच्या बायकांची जुनी लुगडी मागून मी मांडव शिवला होता. लग्नात सासरनं बदलून टाकलेली त्यांची माहेरची नावं आतल्या बाजूला दोऱ्यानं भरली होती. पारावर बसून मान वर केली तरच ती दिसत. "मी विचारायला न्हाई, सांगायला आले, अण्णा," मी म्हटलं, आणि दुसऱ्या सकाळीच मांडव पारावरच्या लिंबाला बांधला. बायका जमल्या, पण पायरीशीच थबकल्या. अण्णांसकट वर बसलेले बाप्ये जागचे हलले नाहीत. कुणीच चढलं नसतं, तर सांजच्याला अण्णांनी तो उतरवून फेकला असता. तेवढ्यात अण्णांची आई, शांताबाई, काठी टेकत वर चढली. "आई, उतर खाली. लोक बघायलेत." "बघू दे की." ती मांडवाखाली मांडी घालून बसली. "पोरी, मी कुठं हाय?" मी बोट दाखवून मोठ्यानं वाचलं, "कौतिका." म्हातारीनं ते नाव तोंडात घोळवलं. मग ती तिथंच बसलेल्या लेकाकडं वळली. "ऊठ बद्री. कौतिकाच्या मैतरणींना बसायचंय." अण्णा उठले. त्यांच्यामागं सगळा पार उठला.